विशेष गरजा असलेल्या मुलासाठी हायस्कूल कसं निवडायचं?

चौथी किंवा सातवी झाली की महाराष्ट्रातल्या असंख्य मुलांची शाळा बदलते. गावातली जिल्हा परिषदेची शाळा तिथवरच असते. पुढे पाचवीला किंवा आठवीला शेजारच्या मोठ्या गावातलं हायस्कूल गाठावं लागतं. शहरात पहिली ते दहावी एकाच आवारात असली, तरी 'माध्यमिक विभाग' वेगळा असतो आणि तिथे शिक्षक, वेळापत्रक, कधीकधी इमारतही बदलते. ज्या मुलाला वाचताना अक्षरं जुळत नाहीत, कमी ऐकू येतं, गोंगाट सोसत नाही किंवा जिना चढता येत नाही, त्याच्यासाठी हा बदल इतर मुलांपेक्षा बराच मोठा ठरतो. त्याच्या पालकांना नातेवाईक आणि शेजारी सल्ला देतात, "एखादी चांगली शाळा बघा." चांगली म्हणजे कोणासाठी चांगली, हा खरा प्रश्न आहे. दहावीचा ९८ टक्के निकाल लावणारी शाळा अशा मुलासाठी वाईटही असू शकते, कारण तो निकाल टिकवण्यासाठी काही शाळा कच्च्या मुलांना नववीतच दाखला काढायला सांगतात.

हायस्कूलमध्ये नेमकं काय बदलतं?

प्राथमिक शाळेत बहुतेक वेळ एकच बाई किंवा गुरुजी असतात. मूल कुठे अडतं, कधी चिडतं, कोणाशेजारी बसवलं की शांत राहतं, हे त्यांना माहीत असतं. हायस्कूलमध्ये दिवसाला सात-आठ तास आणि तितकेच शिक्षक. प्रत्येकाकडे आठवड्यातून काही तास हे मूल येतं आणि त्याच्यासारखी आणखी शेकडो मुलं येतात. त्यामुळे मुलाबद्दलची माहिती एका माणसाकडे साठत नाही. गणिताच्या सरांना माहीत असलेली अडचण इतिहासाच्या मॅडमना माहीत नसते. हायस्कूलमधल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथे असतं. शिक्षक वाईट नसतात, पण त्यांना कोणी काही सांगितलेलं नसतं.

दुसरा बदल भाषांचा. राज्य मंडळाच्या दहावीला सहा विषय आणि ६०० गुण असतात, त्यातले ३०० गुण तीन भाषांचे. वाचन-लेखनाची अडचण असलेल्या मुलासाठी म्हणजे निम्मा डोंगर तिथेच उभा राहतो. त्यातच पाचवी किंवा आठवीला 'सेमी'ला घालायचं का, हा प्रश्न येतो. सेमी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. मूल आधीच मराठीतली वाक्यं सावकाश वाचत असेल किंवा श्रवणयंत्र लावून ऐकत असेल, तर त्याच वर्षी शाळाही बदलायची आणि माध्यमही बदलायचं, हा दुहेरी भार टाळलेला बरा. सेमी घेतलं नाही म्हणून पुढची दारं बंद होत नाहीत. विषयच कळला नाही तर मात्र होतात.

कायदा काय म्हणतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा यातला मुख्य कायदा. १९९५च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, नव्या कायद्यात २१ आहेत. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिसलेक्सिया, डिसग्राफिया, डिसकॅल्क्युलिया वगैरे) यांना त्यात प्रथमच जागा मिळाली. 'तारे जमीन पर' २००७ साली आला तेव्हा त्यातल्या ईशानची अडचण केंद्राच्या दिव्यांगत्वाच्या कायद्यात कुठेच नव्हती.

या कायद्याचं कलम १६ पालकांनी एकदा वाचून ठेवावं. सरकारी, अनुदानित किंवा केवळ मान्यताप्राप्त असलेल्या प्रत्येक शाळेने दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा, इमारत आणि सोयी त्याला वापरता येतील अशा कराव्यात, त्याच्या गरजेनुसार वाजवी सोयी पुरवाव्यात, असं ते सांगते. 'मान्यताप्राप्त' हा शब्द महत्त्वाचा, कारण त्यात खासगी विनाअनुदानित शाळाही येतात. "आम्ही अशी मुलं घेत नाही" हे वाक्य त्यामुळे शाळेचं धोरण म्हणून चालत नाही. कलम १७मध्ये परीक्षेतला जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, मग ती शाळा जवळची साधी असो वा निवडलेली विशेष शाळा.

व्यवहारात पैशांचा प्रश्न नववीला उभा राहतो. शिक्षण हक्क कायदा (आरटीई) पहिली ते आठवीपुरता आहे. २५ टक्के राखीव जागांतून खासगी शाळेत गेलेल्या मुलाची मोफत सोय आठवीनंतर संपते आणि नववीचं फीचं पत्रक हातात पडतं. कलम ३१ असलं, तरी विनाअनुदानित शाळेत त्याचा लाभ आपोआप मिळेल असं धरून चालू नये. पाचवी-सहावीतच शाळेला विचारावं की नववी-दहावीची फी किती आणि त्यात सवलत आहे का. अनुदानित हायस्कूलमध्ये हा प्रश्न बराच सौम्य असतो. नववी-दहावीच्या दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीही आहे. तिला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये असून अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा असतो.

प्रमाणपत्र आणि चौदाव्या वर्षाची गोम

सगळ्या सवलतींची किल्ली म्हणजे प्रमाणपत्र. अंधत्व, कर्णबधिरत्व, सेरेब्रल पाल्सी यांचं प्रमाणपत्र बहुतेक पालकांनी लहानपणीच काढलेलं असतं आणि आता त्यासोबत यूडीआयडी कार्ड मिळतं. अध्ययन अक्षमतेचं मात्र वेगळं आहे. केंद्राने २०१८मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिची तपासणी वयाच्या ८व्या, १४व्या आणि १८व्या वर्षी व्हायची असते. चौदावं वर्ष म्हणजे आठवी-नववी. तिसरीत काढलेला कागद फाइलमध्ये जपून ठेवलेला असतो आणि तो दहावीला चालणार नाही, हे ऐन अर्ज भरताना कळतं. असं दरवर्षी घडतं.

खासगी समुपदेशकाचा किंवा मानसशास्त्रज्ञाचा अहवाल मुलाला समजून घ्यायला उपयोगी आहे, पण मंडळाच्या सवलतीसाठी अधिकृत सरकारी वा महापालिका रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत सायन, केईएम आणि नायर या रुग्णालयांत यासाठी स्वतंत्र एलडी क्लिनिक आहेत. इतर जिल्ह्यांत चौकशीची पहिली जागा म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सकांचं कार्यालय. तपासणी एका भेटीत होत नाही. दृष्टी आणि श्रवण तपासणी, बुद्ध्यांक चाचणी, शैक्षणिक चाचणी असे टप्पे असतात आणि तारखा लांबच्या मिळतात. शाळेकडूनही मुलाच्या प्रगतीचा अहवाल आणि वह्यांचे नमुने मागितले जातात. म्हणून सातवी संपतानाच सुरुवात केलेली बरी.

दिव्यांगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी भरलं तर सगळं संपलं, असंही नाही. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१मध्ये स्पष्ट केलं की लेखनिकासारखी वाजवी सोय फक्त ४० टक्क्यांच्या वरच्यांपुरती मर्यादित ठेवता येत नाही. शाळा पातळीवर हा निकाल फारसा कोणाला माहीत नसतो. मुख्याध्यापकांना तो दाखवायला हरकत नाही.

साधी शाळा की विशेष शाळा?

याचं एक उत्तर नाही आणि देणाऱ्यापासून जरा सावध राहावं. ज्या मुलाची अडचण वाचन, लेखन, लक्ष देणं किंवा चालणं-फिरणं यापुरती आहे, त्याच्यासाठी साधी शाळा आणि तिथली मदत हाच बहुतेक वेळा योग्य मार्ग असतो.

दृष्टिहीन आणि कर्णबधिर मुलांचं गणित वेगळं. ब्रेल, चालण्या-फिरण्याचं प्रशिक्षण किंवा सांकेतिक भाषा ही कौशल्यं विशेष शाळेत पक्की होतात. मुंबईतली कमला मेहता अंधशाळा १९००पासून मुलींना शिकवते आहे. अनेक कुटुंबं प्राथमिक वर्षं विशेष शाळेत आणि माध्यमिक साध्या शाळेत असा मधला मार्ग घेतात. तो चांगला चालतो, मात्र हायस्कूलमध्ये ब्रेल किंवा ध्वनिमुद्रित पुस्तकं वेळेवर मिळणार का, विज्ञानाच्या आकृत्या आणि भूमितीचं काय करणार, हे आधी ठरलेलं हवं. कर्णबधिर मुलाच्या बाबतीत साध्या वर्गात सांकेतिक भाषा जाणणारं कोणीच नसेल, तर मूल दिवसभर बसून घरी येतं आणि पालकांना वाटतं की ते शिकतं आहे.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पालकांपुढचा निर्णय सगळ्यात अवघड. आठवीपर्यंत वर्गासोबत पुढे जात राहिलेलं मूल नववीच्या बीजगणितापुढे थांबतं. तोपर्यंत ते समवयस्कांत रमलेलं असतं, भाषा शिकलेलं असतं. पण पुढची दोन वर्षं न समजणाऱ्या तासांना बसून काढायची का? विशेष शाळांत या वयापासून स्वतःची कामं, पैशांचा व्यवहार, बसचा प्रवास, व्यवसायपूर्व प्रशिक्षण यावर भर असतो. मुंबईच्या शिवडीतली जय वकील शाळा १९४४पासून हे काम करते. तिथे तयार झालेला 'दिशा' अभ्यासक्रम राज्यातल्या बौद्धिक अक्षमतेच्या विशेष शाळांपर्यंत नेला गेला आहे. नाशिकची प्रबोधिनी आणि पुण्याची कामायनी ही अशीच जुनी नावं. विशेष शाळा बघताना १८ वर्षांनंतर तिथली मुलं काय करतात, हे विचारावं. संरक्षित कार्यशाळा आहे का, कोणाला बाहेर काम मिळालं का, याची उत्तरं इमारतीच्या रंगापेक्षा जास्त सांगतात.

मंडळ आणि विषय: इथे घाई नको

राज्य मंडळ दिव्यांग विद्यार्थ्यांना दहावीत बऱ्याच सवलती देतं. प्रत्येक तासामागे २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक मिळतो, पण तो खालच्या इयत्तेतला असावा लागतो. भाषांपैकी काहींतून सूट घेऊन पर्यायी विषय घेता येतो आणि नेहमीच्या गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घेण्याचीही सोय आहे. कोणत्या प्रकारच्या दिव्यांगत्वाला कोणती सवलत, हे शासन निर्णयात दिलेलं असतं. शाळेच्या लिपिकाकडून तो निर्णय मागून घ्यावा, कारण ऐकीव माहिती यात फार फिरते.

अंकगणिताचा पर्याय सोपा म्हणून चटकन घेतला जातो. तो घेतला की अकरावी विज्ञान आणि अभियांत्रिकी पदविकेकडची वाट अडते. ज्या मुलाला आकडेमोड जमत नाही पण यंत्रं खोलून जोडायची हौस आहे, त्याच्यासाठी हा निर्णय महाग पडू शकतो. उलट, ज्याला चित्रकला, पाककला, वाणिज्य किंवा संगणकावरच्या कामाची ओढ आहे, त्याला दोन वर्षं बीजगणितात रडवण्यात काही अर्थ नाही. नववीच्या सुरुवातीला मूल, पालक आणि विषयशिक्षक यांनी एकत्र बसून हे ठरवावं. चांगल्या शाळेची एक खूण म्हणजे ती अशी बैठक स्वतःहून बोलावते.

सीबीएसईमध्ये २०२०च्या परीक्षेपासून दहावीला गणिताच्या 'बेसिक' आणि 'स्टँडर्ड' अशा दोन पातळ्या आहेत, तिसऱ्या भाषेतून सूट आहे आणि कौशल्य विषयांची यादी मोठी आहे. संलग्न शाळेत विशेष शिक्षक असणं हे मंडळाने बंधनकारक केलेलं आहे. प्रत्यक्षात तो एकच माणूस समुपदेशक, बदली शिक्षक आणि स्नेहसंमेलनाचा संयोजकही असतो का, हे बघावं.

तिसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा. १४ वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला तिथे माध्यमिकला प्रवेश मिळतो. पाच विषय पुरतात, ते निवडीचे असतात आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळत असल्याने एका वेळी एक-दोन विषय देता येतात. प्रमाणपत्र इतर मंडळांच्या बरोबरीचं मानलं जातं. स्वमग्न आणि अध्ययन अक्षम मुलांच्या कित्येक पालकांना हा मोठा आधार वाटतो. अडचण एवढीच की एनआयओएस म्हणजे शाळा नव्हे. रोजचा वर्ग, डबा, मैदान, मित्र यांची सोय वेगळी करावी लागते. काही साध्या शाळा मुलाला आवारात बसवून एनआयओएसची तयारी करून घेतात. तशी शाळा जवळ असेल तर भाग्यच. मात्र निकालाची टक्केवारी सांभाळण्यासाठी शाळा नववीत "एनआयओएस करा" म्हणत असेल, तर तो सल्ला नसून बाहेरचा रस्ता आहे, हे ओळखावं.

शाळा बघायला जाताना

जाहिरातीत 'समावेशक' लिहिणं फुकट असतं. शाळा चालू असताना, शक्यतो मधल्या सुट्टीत जावं. वर्गात सगळं आलबेल दिसतं, छळ होतो तो स्वच्छतागृहात, जिन्यात आणि बसमध्ये. सुट्टीत एकटी मुलं कुठे बसली आहेत आणि लक्ष ठेवायला कोणी मोठं माणूस आहे का, हे दहा मिनिटांत कळतं.

व्हीलचेअरसाठी उतार बहुतेक शाळांत फाटकाशी दिसतो. विज्ञानाची प्रयोगशाळा आणि संगणक कक्ष दुसऱ्या मजल्यावर असले तर त्या उताराचा काय उपयोग? नववीचे वर्ग तळमजल्यावर घ्यायला शाळा तयार आहे का, हे विचारावं. याला पैसा लागत नाही, फक्त इच्छा लागते, म्हणून शाळा जोखायला हा प्रश्न फार चांगला आहे. स्वच्छतागृहाचं दार व्हीलचेअर आत जाईल इतकं रुंद आहे का, हे स्वतः बघावं.

विशेष शिक्षक असल्याचं सांगितलं, तर त्यांना भेटण्याचा आग्रह धरावा. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, ते रोज येतात की आठवड्यातून एकदा, आणि मुलाला तासातून बाहेर काढून शिकवतात की वर्गातच मदत करतात, ही माहिती घ्यावी. खेळाच्या आणि चित्रकलेच्या तासाला बाहेर काढत असतील तर मूल लवकरच त्या मदतीचा राग करू लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये साध्या शाळांतही नियमित विशेष शिक्षक हवेत असा आदेश दिला. त्यांचं प्रमाण प्राथमिकला १० विशेष मुलांमागे एक आणि पुढच्या वर्गांना १५ मुलांमागे एक असं आहे. पदं भरली गेली नाहीत म्हणून मार्च २०२५मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावं लागलं. सरकारी आणि अनुदानित शाळांत ही मदत समग्र शिक्षा योजनेतून, तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांमार्फत येते. एकेका शिक्षकाकडे अनेक शाळा असतात. त्यांची भेट शाळेत नव्हे, थेट गट साधन केंद्रात घेतलेली जास्त उपयोगी पडते. कोणत्या हायस्कूलचे मुख्याध्यापक खरोखर सहकार्य करतात, हे त्यांच्याइतकं तालुक्यात कोणाला माहीत नसतं.

काही शाळा 'शॅडो टीचर' ठेवण्याची अट घालतात आणि खर्च पालकांवर टाकतात. लहान वयात अशी सोबत लागू शकते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाशेजारी दिवसभर मोठं माणूस बसलं, की बाकीची मुलं लांबच राहतात. ही सोबत कधी आणि कशी कमी करत नेणार, याचं उत्तर शाळेकडे हवं.

अंतराचा विचारही शाळेइतकाच करावा. रोज दोन तास एसटीत किंवा लोकलमध्ये काढून येणारं मूल थकूनच वर्गात बसतं. उत्तम शाळा लांब आणि बरी शाळा जवळ असेल, तर बऱ्या शाळेला दोन गुण जास्त द्यावेत.

आणि मुलाला विचारावं. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला आपल्याला काय झेपतं याची बरीच कल्पना असते. बोलता येत नसेल, तर दोन शाळांत अर्धा-अर्धा दिवस बसवून ते कुठून हसत बाहेर येतं ते बघावं. आपल्या अडचणीबद्दल नव्या वर्गात कोणाला काय सांगायचं, हेही त्याच्याशी बोलूनच ठरवावं. काही मुलांना सगळ्यांना माहीत असलेलं आवडतं, काहींना ते अजिबात नको असतं.

प्रवेश नाकारला तर

नकार बहुधा तोंडी आणि गोड असतो: "तुमच्याच मुलाचे हाल होतील हो." अशा वेळी प्रवेश अर्ज रीतसर देऊन त्याची पोच घ्यावी आणि नकार असेल तर कारणासह लेखी मागावा. निम्मे नकार इथेच विरघळतात. तरीही अडलं, तर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे, मुंबईत शिक्षण निरीक्षकांकडे तक्रार करता येते. दिव्यांग हक्क कायद्याखाली राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडेही दाद मागता येते, त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. तक्रारीला प्रमाणपत्राची प्रत, अर्जाची पोच आणि झालेल्या बोलण्याची तारीखवार नोंद जोडावी. अर्थात भांडून मिळवलेल्या शाळेत मुलाला रोज जायचं असतं, हेही पालक जाणतात. काही जण तक्रार जिंकून मूल दुसऱ्या शाळेत घालतात.

प्रवेश झाला की पहिल्या पंधरवड्यात एक पानाचं टिपण तयार करून वर्गशिक्षकांमार्फत सगळ्या विषयशिक्षकांना द्यावं: मुलाला काय जमतं, कशाने बिथरतं, कुठे बसवावं, फळ्यावरचं उतरवता आलं नाही तर काय करावं, कोणती औषधं चालू आहेत. निदानाची मोठी नावं आणि जाडजूड अहवाल कोणी वाचत नाही, एक पान वाचलं जातं. जादा वेळ आणि लेखनिकाची सवय आठवी-नववीच्या घटक चाचण्यांपासूनच व्हावी. लेखनिकाला उत्तर सांगणं हे वेगळंच कौशल्य आहे आणि ते दहावीच्या पहिल्या पेपरला शिकता येत नाही. सवलतींचे प्रस्ताव पालक परस्पर पाठवू शकत नाहीत, ते शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातात. त्यामुळे नवीन प्रमाणपत्र हातात आलं की त्याच आठवड्यात त्याची प्रत शाळेच्या कार्यालयात देऊन पोच घ्यावी.